छापील मराठीचा ठिसूळ पुरावा : आम्लग्रस्त कागद आणि त्याचे जतन

एखाद्या दफ्तरखान्यात अठराव्या शतकातील मोडी पत्रांचा रुमाल सोडावा आणि त्यानंतर ग्रंथालयात जाऊन १९२५ च्या सुमाराच्या एखाद्या मासिकाचा बांधीव खंड उघडावा, म्हणजे कागदाच्या वयाविषयीची सर्वसाधारण समजूत उलटी ठरते. अडीचशे वर्षांपूर्वीचे पत्र कडेला कसरीने खाल्लेले असेल, ओलीने डागळलेले असेल. परंतु घडी उलगडताना ते सहसा तुटत नाही आणि त्यावरील शाई काळीभोर राहिलेली असते. शंभर वर्षांच्या मासिकाची पाने मात्र कडेकडून तपकिरी पडलेली असतात, आणि पान उलटणाऱ्याच्या हाती पुष्कळदा पानाऐवजी त्याचा कोपराच येतो. पहिल्या कागदाचे शत्रू बाहेरून येतात. कसर, वाळवी, पाणी व अग्नी ही त्यांची नावे. दुसऱ्या कागदाचा शत्रू कारखान्यातच त्याच्या अंगात भरला गेलेला असतो. तो म्हणजे आम्ल.

ही बाब केवळ ग्रंथपालांनी चिंता वाहण्याची नव्हे. अर्वाचीन मराठी गद्य ज्या काळात घडले तो काळ आणि कागदाच्या अवनतीचा काळ हे दोन्ही बहुतांशी एकच आहेत. ‘विविधज्ञानविस्तार’ १८६७ मध्ये निघाले व १९३७ पर्यंत चालले. ‘निबंधमाला’ १८७४ ची, ‘केसरी’ १८८१ चा, ‘करमणूक’ १८९० ची. शास्त्रीय परिभाषेची जडणघडण, वृत्तपत्री वाक्यरचना, विरामचिन्हांचा रूढ होत गेलेला वापर, कादंबरीतील संवादांची बोली या सर्वांचा पुरावा या व अशा नियतकालिकांच्या पानांवर आहे. शंकर गणेश दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’ने १८०० ते १९३७ या काळातील छापील ग्रंथांची नोंद १९४३ मध्ये अभ्यासकांच्या हाती दिली. परंतु सूचीत नोंद असणे आणि ग्रंथ हाताळण्याजोगा असणे या आता दोन वेगळ्या गोष्टी होत चालल्या आहेत.

महत्त्वाच्या ग्रंथांची पुनर्मुद्रणे झालेली आहेत, तेव्हा मूळ प्रतीसाठी एवढा जीव टाकण्याचे कारण काय, असा प्रश्न येथे विचारला जाईल. त्याचे उत्तर एका टिंबात आहे. जुन्या लेखनपद्धतीत ‘तें’ हे नपुंसकलिंगी एकवचन आणि ‘ते’ हे पुल्लिंगी अनेकवचन. ‘केलें’ आणि ‘केले’ यांतही हाच भेद. ‘घरीं’, ‘नांव’, ‘पांच’ या रूपांवरील अनुस्वार उच्चारातून कधीच गळाले होते, परंतु त्यांत भाषेच्या इतिहासाची खूण राहिली होती. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखनविषयक नियमांनी अनुच्चारित अनुस्वारांना रजा दिली, आणि त्यानंतरची पुनर्मुद्रणे बहुधा नव्या नियमांनुसार निघाली. एखाद्या लेखकाने, मुद्रकाने वा एखाद्या प्रदेशाने हे अनुस्वार कोठवर पाळले व कोठे सोडले, हे पाहावयाचे तर पहिल्या आवृत्तीखेरीज साधन नाही. जुन्या कागदावर जे तांबूस ठिपके उठतात त्यांचा आकार नेमका अनुस्वाराएवढा असू शकतो, ही त्यातील मेख. काळ्या-पांढऱ्या सूक्ष्मपटावर ठिपका आणि टिंब सारखेच काळे दिसतात. मूळ पानावर ते रंगावरून व शाईच्या दाबावरून क्षणात वेगळे ओळखू येतात. मूळ पान नष्ट झाले की व्याकरणाच्या या प्रश्नाचा निवाडा करणारा साक्षीदारच नाहीसा होतो.

जुना कागद का टिकला, हे त्याच्या घडणीवरून कळते. जुन्नर, दौलताबाद इत्यादी ठिकाणचे कागदी जुनी गोणपाटे, दोरखंडे व चिंध्या यांपासून कागद करीत. ताग-अंबाडीसारख्या वनस्पतींचे लांब धागे त्यात असत. हा माल चुन्याच्या पाण्यात भिजवून, कुटून, धुऊन त्याचा लगदा होई. साच्यावर उचललेला ताव वाळल्यावर त्याला पिठाची खळ देऊन तो दगडाने घोटीत, म्हणून त्यास घोटीव कागद म्हणत. कितीही धुतले तरी चुन्याचा काही अंश लगद्यात राहून जाई, आणि हवेतील कर्बवायूशी संयोग होऊन त्याचा खडू बने. हा खडूच त्या कागदाचा पहारेकरी होय. पुढे जे आम्ल हवेतून वा हाताच्या घामातून येईल त्याला तो तेथेच निकामी करी. कागद्यांना हे रसायन ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांना लगदा मऊ व्हावयास हवा होता, एवढेच.

शाईचेही तसेच. काजळी व डिंक यांची शाई स्वभावतः उदासीन असते. कागदाला ती खात नाही. युरोपात मायफळ व हिराकस यांपासून केलेली शाई शतकानुशतके चालली. तिच्यात आम्लही असते व लोहही, आणि त्यामुळे अक्षराच्या जागी कागदाला भोके पडलेली हस्तलिखिते तेथील संग्रहांत विपुल आहेत. अर्थात आपल्याकडील प्रत्येक पोथी या बाबतीत निर्दोष आहे असे नव्हे. चित्रांत व हाशियांत वापरलेला जंगाल हा हिरवा रंग तांब्याचा असल्याने त्याखालचा कागद करपतो, आणि हिरव्या चौकटीने मजकुराचा भाग सुटा कापून काढावा तशी पोथीची अवस्था होते.

यंत्रयुगात दोन फेरफार झाले. शाई फुटू नये म्हणून कागदाला खळ द्यावी लागते. जर्मनीतील मॉरिट्झ फ्रीड्रिख इलिग याने १८०७ मध्ये अशी रीत प्रसिद्ध केली की ताव तयार झाल्यावर निराळी खळ देण्याऐवजी लगद्यातच राळेचा साबण व तुरटी घालावी. तुरटी त्या राळेला धाग्यांवर बसविते. कागद करणारांची ही ‘तुरटी’ पुढे घरातील तुरटी राहिली नाही. ते ॲल्युमिनियम सल्फेट असते, आणि त्याचा पाण्याशी संबंध येताच गंधकाम्ल तयार होते. कागदात नेहमीच थोडी आर्द्रता असते, यास्तव हे घडण्यासाठी कागद भिजण्याची गरज नाही. दुसरा फेरफार कच्च्या मालाचा. वाढत्या मुद्रणाला चिंध्या पुरेनात. फ्रीड्रिख गॉटलोब केलर याने १८४४ च्या सुमारास लाकूड दळून लगदा करण्याची युक्ती काढली, आणि त्यानंतर काही दशकांत वृत्तपत्रांचा कागद मुख्यत्वे दळलेल्या लाकडाचा होऊ लागला. अशा लगद्याचे धागे आखूड असतात आणि त्यात लिग्निन हे द्रव्य उरते. प्रकाशात पिवळा पडणारा भाग तो हाच. रासायनिक लगद्यात लिग्निन पुष्कळसे काढलेले असते. परंतु पांढरा, गुळगुळीत, उत्तम दिसणारा कागदही राळ-तुरटीच्या खळीचा असल्यास आम्लयुक्तच असतो. पिवळेपणा म्हणजेच आम्ल ही समजूत म्हणून सोडली पाहिजे. पांढरे पान आतून तितकेच खंगत असू शकते.

आता हे आम्ल नेमके काय करते ते पाहू. कागदाच्या धाग्याचा मुख्य घटक सेल्युलोज. त्याचा रेणू म्हणजे ग्लुकोजच्या हजारो मण्यांची लांब माळ होय. दोन मण्यांमधील दुवा पाण्याच्या साह्याने तुटू शकतो. परंतु उदासीन स्थितीत ही क्रिया अत्यंत मंद असते. आम्लातील हायड्रोजन आयन तिला वेग देतात. यात घातक गोष्ट अशी की हे आयन त्या क्रियेत खर्ची पडत नाहीत. एक दुवा तोडून ते पुढच्या दुव्याकडे मोकळे होतात. शिवाय जुना होणारा सेल्युलोज स्वतःच काही सेंद्रिय आम्ले निर्माण करतो, म्हणजे कर्जावर चक्रवाढ व्याज चढावे तसा हा प्रकार आहे. माळांची सरासरी लांबी दोनअडीचशे मण्यांपर्यंत घसरली की कागद ठिसूळ होतो. डोळ्यांना मात्र त्याआधी फारसे काही दिसत नाही. कागद दीर्घकाळ बरा वाटतो आणि मग थोड्याच वर्षांत हातात मोडू लागतो. पुढे येणाऱ्या उपचारांच्या विचारात ही बाब निर्णायक ठरते.

आम्लतेचे माप सामूने, म्हणजे पीएचने, करतात. सात हा अंक उदासीन. त्याखाली आम्लता, वर अल्कता. हे माप घातांकी असल्यामुळे पाच सामूच्या कागदापेक्षा चार सामूच्या कागदात हायड्रोजन आयनांची तीव्रता दहापट असते. राळ-तुरटीच्या जुन्या कागदाचा सामू चार ते पाचच्या आसपास असणे नित्याचे आहे. तापमानाचा परिणामही असाच मोठा. पाच-सहा अंश सेल्सिअसने तापमान उतरले की कागदाचे आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होते, असे संग्रहशास्त्रात मानतात. आणि त्याच न्यायाने पत्र्याच्या छपराखालील माळ्यावर ते निम्मे, पाव होत जाते. कोकणपट्टीतील आर्द्रता त्यात आणखी भर घालते, कारण दुवा तोडण्यास पाणी लागतेच.

या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात विल्यम बॅरो याने केला. बॅरो हा विद्यापीठीय रसायनशास्त्रज्ञ नव्हता. जुनी कागदपत्रे दुरुस्त करण्याचा व्यवसाय करता करता तो या शोधाकडे वळला. दुरुस्त केलेली कागदपत्रेही पुन्हा ठिसूळ होतात हे पाहून त्याने कारणाचा माग काढला. १९०० ते १९४९ या काळात अमेरिकेत छापलेल्या पाचशे पुस्तकांच्या कागदाची त्याने तपासणी केली. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार पुढील पन्नास वर्षांहून अधिक टिकेल असा कागद शेकडा तीन पुस्तकांतच होता. १९८० नंतरच्या दशकात येल विद्यापीठाच्या ग्रंथालयांत ३६,५०० हून अधिक ग्रंथांची पाहणी झाली. त्यांपैकी सुमारे ८३ टक्क्यांचा कागद आम्लयुक्त व सुमारे ३७ टक्क्यांचा ठिसूळ आढळला.

बॅरोच्या भाकितावर आक्षेपही घेतले गेले आहेत आणि ते दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. शंभर अंश तापमानात बहात्तर तास ठेवलेला कागद पंचवीस वर्षांनी म्हातारा होतो, हे समीकरण ढोबळच होते. पानाचा कोपरा पुढेमागे दुमडून तो कितव्या घडीला तुटतो हे पाहण्याची जी कसोटी रूढ झाली, तिच्यावर निकोल्सन बेकर याने २००१ मधील ‘डबल फोल्ड’ या पुस्तकात कडाडून टीका केली. पान उलटणे म्हणजे कोपरा दुमडणे नव्हे, आणि ‘ठिसूळ’ असा शिक्का मारून, सूक्ष्मपट घेऊन वृत्तपत्रांचे मूळ खंड टाकून देणे हा त्याच्या मते जतनाच्या नावाखाली झालेला विध्वंस होता. त्याची भाषा अतिशयोक्त आहे. परंतु त्याचा मुख्य मुद्दा अनुस्वाराच्या उदाहरणावरून पटण्यासारखा आहे. नक्कल हा मूळ प्रतीवरील हाताळणीचा भार कमी करण्याचा उपाय होय. ती मूळ प्रतीला निरोप देण्याचा परवाना होऊ शकत नाही.

उपचाराचे तत्त्व जुन्या कागद्यांच्या हौदातलेच आहे. बॅरोने कागदाला प्रथम चुन्याच्या निवळीचे स्नान दिले. त्याने आम्ल निष्प्रभ झाले. त्यानंतर कॅल्शियम बायकार्बोनेटच्या द्रावणात तो बुडविला. त्याने उरलेल्या चुन्याचे खडूत रूपांतर होऊन खडूचे सूक्ष्म कण धाग्यांत बसले. पहिली पायरी आजच्या आम्लासाठी व दुसरी उद्याच्या आम्लासाठी. केवळ आम्ल मारून ही शिल्लक मागे न ठेवणारे उपचार अपुरे पडतात. अमोनियाच्या विरळ वाफेत कागद ठेवण्याची रीत स्वस्त आहे व तिने पान भिजत नाही. पण वाफ उडून गेली की संरक्षणही संपते.

जलस्नानाला मर्यादा आहेत. बांधणी सोडून प्रत्येक पान सुटे करावे लागते, आणि शाई पाण्यात टिकणारी आहे की नाही हे आधी पाहावे लागते. छापखान्याची तेलकट शाई बहुधा टिकते. काजळीची शाई शेकडो वर्षे न विटणारी असली तरी डिंकाच्या आधारावर उभी असते, आणि पाण्यात तो डिंक सुटतो. मोडी कागदांना म्हणूनच पुस्तकांचा उपचार सरसकट लागू करणे धोक्याचे आहे. बहुतेक वेळा त्यांना त्याची गरजही नसते. पाण्याऐवजी सेंद्रिय द्रावकांत मॅग्नेशियमची संयुगे विरघळवून वापरण्याच्या पद्धती पुढे निघाल्या. संपूर्ण ग्रंथ न सोडता एका वेळी शेकडोंनी उपचार करण्याची महत्त्वाकांक्षाही बाळगली गेली. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने डायएथिल झिंक या वायूचा प्रयोग केला. हवेच्या स्पर्शाने पेट घेणाऱ्या या द्रव्यामुळे १९८५-८६ मध्ये प्रायोगिक संयंत्रात अपघात झाले आणि १९९४ च्या सुमारास तो मार्ग सोडावा लागला. १९९५ मध्ये त्या ग्रंथालयाने मॅग्नेशियम ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण निष्क्रिय द्रवात मिसळून ग्रंथांत पोहोचविण्याची पद्धत स्वीकारली. असे उपचार खर्चिक असतात, आणि कण पानाच्या गाभ्यापर्यंत कितपत जातात याविषयी तज्ज्ञांत वाद झालेले आहेत.

यापैकी कोणताही उपचार तुटलेला दुवा पुन्हा जोडीत नाही. आम्ल काढल्याने ऱ्हासाचा वेग मंदावतो. गेलेली शक्ती परत येत नाही. ग्रंथालयांच्या व्यवहारात हे लक्षात घेतले जात नाही आणि क्रम उलटा लावला जातो. सर्वांत फाटकी, चुरा होत चाललेली प्रत दुरुस्तीसाठी प्रथम निवडली जाते. ती पाहून दया येते, हे कारण समजण्यासारखे आहे. परंतु आम्लनिवारणाचा खरा लाभ त्या प्रतीस होतो, जी आज धडधाकट दिसते आणि जिच्या कागदाचा सामू मात्र पाचच्या खाली आहे. चुरा होऊ लागलेल्या प्रतीचे स्नान म्हणजे बहुधा तिचा अंत्यविधीच. तिची रंगीत व उच्च दर्जाची छायाप्रत एकदाच काळजीपूर्वक घ्यावी, ती पेटीत आडवी ठेवावी आणि वाचकांस छायाप्रत द्यावी. छायाप्रत रंगीत असण्याचा आग्रह ठिपक्या-टिंबाच्या कारणास्तव सोडू नये.

दुरुस्तीच्या नावाखाली होणारी हानी हा स्वतंत्र प्रकरणाचा विषय ठरावा. आपल्याकडील बांधणीकार खळीला बुरशी-किडा लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालीत आले आहेत. मोरचूद किडा मारतो हे खरे. परंतु तो तांब्याचा आम्लधर्मी क्षार आहे, आणि कण्याजवळचा कागद ज्या प्रतींत प्रथम करपतो तेथे या खळीचा संशय घ्यावा. चिकटपट्टीचा गोंद कागदात मुरून कायमचा तपकिरी पट्टा ठेवतो. दुकानांत उष्णतेने चढविले जाणारे प्लास्टिकचे वेष्टन तर सर्वांत वाईट: आम्ल आतच कोंडले जाते आणि वेष्टन पुन्हा निघत नाही. फाटलेल्या जागी तुतीच्या सालीचा पातळ जपानी कागद आणि निव्वळ गव्हाच्या पिष्टाची, पाण्याने पुन्हा सुटणारी खळ पुरेशी होते. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात १९५० नंतरच्या दशकात सेल्युलोज ॲसिटेटचे पातळ पटल ॲसिटोनच्या बोळ्याने, यंत्राशिवाय, हाताने बसविण्याची रीत विकसित झाली आणि ती इतर देशांतही गेली. पण त्या रीतीतही आधी आम्लनिवारण व मग पटल हा क्रम चुकवून चालत नाही.

आम्ल एका कागदातून शेजारच्या कागदात जाते, ही गोष्ट घरगुती संग्रहांतही पाहावयास मिळते. पुस्तकात वृत्तपत्राचे कात्रण ठेवले तर काही वर्षांनी समोरच्या पानावर त्याच्या आकाराचा तपकिरी ठसा उमटतो. जिलेटिनचे पुठ्ठे, खाकी कागदाची आवरणे, साध्या पुठ्ठ्याच्या पेट्या यांतूनही हेच घडते. धुऊन कांजी काढलेला कोरा मांजरपाट हे रुमालासाठी अजूनही उत्तम वेष्टन आहे. हातकागद वापरावयाचा तर तो तपासून घ्यावा. हाताने केला एवढ्यावरून तो निरम्ल ठरत नाही, कारण राळ-तुरटीची खळ हातकागदालाही देता येते व दिली जाते. पुण्यातील हातकागद संस्था १९४० मध्ये स्थापन झाली ती या जुन्या धंद्याच्या पुनरुज्जीवनासाठी; जतनाच्या दृष्टीने त्या धंद्यातील महत्त्वाचा वारसा साच्यापेक्षाही चुन्याचा आहे.

नव्या मुद्रणाचाही येथे विचार करावा लागतो. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला, आणि गोविंद सखाराम सरदेसाई यांनी पेशवे दफ्तरातील निवडक कागद १९३० ते १९३४ या काळात ४५ भागांत प्रसिद्ध केले. मूळ कागद नष्ट होऊ नयेत म्हणून ते छापावे, ही त्यामागील एक भावना होती. मूळ कागद चुन्याच्या लगद्याचे आणि छापील खंड यंत्रयुगातले, हे ध्यानी घेतले असता रक्षण कोण कोणाचे करणार असा प्रश्न पडतो. १९९४ च्या आंतरराष्ट्रीय मानक ९७०६ मध्ये टिकाऊ कागदाची लक्षणे ठरविलेली आहेत: सामू साडेसात ते दहा, दोन टक्के कॅल्शियम कार्बोनेटइतकी अल्काची शिल्लक, आणि लिग्निनचे अत्यल्प प्रमाण. विद्यापीठाचे प्रबंध, संहितांच्या चिकित्सक आवृत्त्या व कोश यांच्या मुद्रणाचे दर मागविताना या मानकाचा उल्लेख करणे अवघड नाही.

विभागीय ग्रंथालयात पाहणी करावयाची झाल्यास साधने थोडी लागतात. दाते यांच्या सूचीच्या आधारे आधी अशी पुस्तके वेगळी काढावीत, ज्यांच्या प्रती अन्यत्र विरळ आहेत. मग कागदाची परीक्षा. क्लोरोफिनॉल रेड हा दर्शक भरलेली लेखणी यासाठी मिळते. तिची रेघ जांभळी राहिली तर कागद उदासीन वा अल्कधर्मी, पिवळी झाली तर आम्लयुक्त. ही रेघ पुसता येत नाही. म्हणून ती मजकुराच्या पानावर न ओढता शेवटच्या कोऱ्या पानावर, शिवणीलगत, टाचणीच्या डोक्याएवढी ओढावी. आणि ते कोरे पान मूळ आवृत्तीचे आहे की मागाहून बांधणीकाराने घातलेले, हे आधी पाहून घ्यावे.